माळ, काढा आणि बाटली
वारकऱ्याच्या गळ्यातली माळ तुळशीच्या वाळल्या खोडाचीच, म्हणजे झाड सुकलं तरी वाया जात नाही. पानांचं म्हणाल तर खोकला झाला की घरोघरी चार पानं, आल्याचा तुकडा नि गवती चहा उकळत ठेवतातच. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी असा काढा चार-दोन-दोन-एक या प्रमाणात कागदावर मांडला, आणि तुळशीच्या अर्काच्या बाटल्यांना ऊत आला. पानात युजेनॉल असतं, लवंगेतही तेच. म्हणून पान चुरगाळलं की बोटांना लवंगेसारखा वास येतो. तुळशीने रक्तातली साखर थोडी उतरते असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय खरं, पण तेवढ्यावर मधुमेहाच्या गोळ्या सोडणाऱ्या महाभागांना काय म्हणावं! रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर अर्क डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. मला विचाराल तर बाटलीपेक्षा कुंडी बरी. फक्त मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडायच्या, नाहीतर झाडाचा सगळा जोर बी धरण्यात जातो, पानं बारीक होतात आणि कार्तिकात लग्न लावायला नुसत्या काड्या उरतात.