पवित्रला कोणी विचारलं का?

गेल्या दिवाळीत जुन्या जालन्यातल्या घरी आठवीतल्या मावसभावाला 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' लॅपटॉपवर दाखवत होतो. माझी चौथी वेळ. मिगेल ओ'हारा माइल्सला 'कॅनन' समजावून सांगतो तिथे त्याने पॉज केलं. "दादा, इन्स्पेक्टर सिंग मरणार होते, हे या सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मग पवित्रला कोणी का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जून २०२३ मध्ये पुण्यात थिएटरात शिट्ट्या मारताना मला हा प्रश्न पडलाही नव्हता.

आधी सिनेमाच्या बाजूने बोलतो, कारण तो मला खरंच आवडतो. मिगेलचं म्हणणं असं की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्या असतात. जवळचा एक पोलीस अधिकारी मरणार म्हणजे मरणारच. त्याला वाचवलं तर ते अख्खं विश्व कोसळेल. माइल्सचे वडील कॅप्टन होणार आहेत, आणि माइल्स हे ऐकून घ्यायला तयार नाही. मिगेलसारखा माणूस प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत असतो. 'या जुन्या कोडला हात लावू नका, सगळं बंद पडेल.' का बंद पडेल हे विचारायचं नाही. मागे एकदा पडलं होतं, बस. मिगेलकडेही पुरावा म्हणून असा एकच मोठा अपघात आहे. मुंबॅटनमध्ये भगदाड पडतं, पण त्याच्या काही क्षण आधी स्पॉटने तिथलं यंत्र चालवून धुमाकूळ घातलेला असतो. मग भगदाड कोणामुळे? मिगेल न तपासता माइल्सवर ढकलतो. 'सगळ्यांचं असंच झालं, म्हणून तुझंही असंच होणार' या युक्तिवादाची इतकी चांगली चिरफाड मी दुसऱ्या सुपरहिरोपटात पाहिलेली नाही. माइल्स टिकतो. ग्वेन टिकते. तिचं वडिलांशी असलेलं नातं तर फारच टिकतं.

पवित्र प्रभाकर टिकत नाही.

भगदाड त्याच्या शहराला पडलं. मरता मरता वाचले ते त्याच्या गायत्रीचे वडील. आणि ते मरायला हवे होते की नव्हते, हा वाद मात्र दुसऱ्याच विश्वातल्या न्यूयॉर्कमध्ये, मिगेल आणि माइल्स यांच्यात. 'तू असतास तर काय केलं असतंस?' हे पवित्रला कोणीही विचारत नाही. शेवटी तो ग्वेनच्या टोळीत येऊन उभा राहतो, तोही ठरवताना आपल्याला दिसत नाही. आपली गोष्ट दुसऱ्याला लिहू देऊ नका, असं सांगणारा सिनेमा पवित्रची गोष्ट माइल्सच्या वादातला पुरावा म्हणून वापरतो आणि पुढे निघून जातो.

मित्र म्हणतात, "अरे, पण आपला माणूस दिसला ना!" दिसला. केस झकास, व्यायामाची गरज नाही, दुपारी माया आंटीबरोबर चहा. 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला तो झापतो, तेव्हा मीही हसलो होतो. पण तो विनोद कोणासाठी आहे? चाय म्हणजेच चहा हे ज्याला समजावून सांगावं लागतं, तो प्रेक्षक मी नाही. सिनेमा भारतात मराठीसह दहा भाषांत आला, शुभमन गिलने हिंदी-पंजाबीत पवित्रला आवाज दिला. आवाज आमच्या भाषेत आला, पण संवाद अमेरिकेशीच चालू राहिला.

आणि हा पवित्र मुळात असा नव्हता. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी तो कॉमिकमध्ये आणला, तेव्हा तो खेड्यातून स्कॉलरशिपवर मुंबईला आलेला पोरगा होता. शाळेतली मुलं त्याला गावंढळ म्हणून चिडवायची. ते कॉमिक थोर होतं असं मी म्हणत नाही. अंकल बेनचे अंकल भीम आणि मेरी जेनची मीरा जैन करणं म्हणजे कॉपी-पेस्ट करून फक्त व्हेरिएबलची नावं बदलणं. शक्ती द्यायला योगीबाबाही होतेच. पण त्या मुलाकडे गमावण्यासारखं काहीतरी होतं. कुंडलिका ओलांडून कॉलेजसाठी पुण्याची बस धरलेल्या माझ्यासारख्याला तो कळला असता. होस्टेलवर पहिल्या महिन्यात माझ्या 'कामून'वर खोली हसायची. सिनेमाने त्या कॉमिकमधलं नाव ठेवलं, अंकल भीम वगळले, योगीबाबा वगळले, ते बरंच केलं. पण त्याचबरोबर खेडंही वगळलं.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे: भारतीय पात्राने दर वेळी गरिबी आणि दुःखच का दाखवायचं? पवित्र आनंदी आहे, हीच क्रांती नाही का? अर्धं मान्य. मलाही आनंदी पवित्रच हवाय. पण त्याचा आनंद खरा आहे की त्याला अंधारात ठेवल्यामुळे आहे, हे कळायला त्याला एकदा तरी सगळं सांगायला हवं. माइल्सला सत्य कळतं आणि तो निवड करतो, म्हणून तो नायक. पवित्रला ती संधीच नाही.

"कार्टून आहे, एवढं काय मनावर घेतो?" असंही म्हणतात. ज्या सिनेमाने आपल्या नायकाचा प्रश्न इतका मनावर घेतला, त्याच्याकडूनच मागायचं, नाहीतर कोणाकडून? मार्च २०२४ ला यायचा होता तो पुढचा भाग लांबला आहे. पवित्रला त्यात जास्त मारामारी, जास्त विनोद मिळाले नाहीत तरी चालेल. त्याला एकच प्रसंग द्या: समोर मिगेल उभा आहे, आणि पवित्र त्याला विचारतो, "तुम्हाला माहीत होतं?"

माझ्या मावसभावाने तो प्रसंग आधीच लिहिलाय. पॉज काढण्याआधी तो पुटपुटला होता, "मी असतो ना, तर आधी मिगेललाच धरला असता."