बारीक अक्षरांचे अर्थशास्त्र

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या एका परिपत्रकाची आपल्या पगारदार वर्गात व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ व लघुउद्योगांच्या कर्जांबरोबर ऋणकोला 'मुख्य तथ्यांचे विवरणपत्र' द्यावे, ते त्याला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यात सर्व आकार मिळवून येणारा वार्षिक दर नमूद करावा, आणि जो आकार या पत्रात नाही तो ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे वसूल करू नये, असा त्याचा आशय आहे. सात दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाबाबत विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत, अशीही त्यात तरतूद आहे. प्रश्न एवढाच उरतो, की या तीन दिवसांचे आपण करणार काय? वीस पानांच्या करारावर फुलीची खूण केलेल्या जागी मुकाट्याने सह्या करीत जाण्याची आपली सवय इतकी मुरलेली आहे, की विवरणपत्र हे सही करावयाचे एकविसावे पान ठरण्याचा संभव अधिक.

सवय ही निव्वळ आळसातून आलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. वाचनालाही किंमत पडते. दहा रुपयांच्या साबणाच्या वेष्टनावरील प्रत्येक ओळ वाचीत बसणारा ग्राहक दक्ष नव्हे, वेळेचे मोल न कळलेला म्हणावा लागेल. माहिती मिळविण्यास खर्च येतो आणि म्हणून मनुष्य ती एका मर्यादेपर्यंतच मिळवितो, हा विचार स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये मांडला. तो आज अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. परंतु त्याच विचाराची दुसरी बाजू अशी, की जेथे व्यवहार मोठा व मुदत लांब, तेथे अर्ध्या तासाच्या वाचनाचे मोल हजारांत जाते. आपण मात्र नेमके उलटे करतो. भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ दुचाकीच्या कर्जावर पाच मिनिटांत सही करून मोकळा होतो.

एक साधा हिशेब करून पाहू. साठ हजार रुपयांचे कर्ज, मुदत दोन वर्षे, व्याज 'फक्त बारा टक्के, सरळ'. दोन वर्षांचे व्याज १४,४०० रुपये. एकूण ७४,४०० रुपये. चोवीस हप्ते, प्रत्येकी ३,१०० रुपयांचे. येथवर सारे ठीक वाटते. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत असते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण साठ हजारांवर आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हाच दर काढला, तर तो वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. त्यात प्रक्रिया शुल्काचे १,२०० रुपये सुरुवातीलाच कापून घेतले, तर हाती पडलेल्या ५८,८०० रुपयांवर तो पावणेचोवीस टक्क्यांच्या जवळ पोचतो. बारा आणि पावणेचोवीस यांतील अंतर हे कोणी खोटे बोलल्यामुळे पडलेले नाही. 'सरळ' हा एक शब्द छापलेला होता आणि तो आपण वाचला नाही, किंवा वाचला आणि त्याचा अर्थ विचारला नाही.

विम्याचेही असेच. आरोग्यविम्याच्या काही पॉलिसींत खोलीभाड्यावर मर्यादा असते. ती दिवसाला तीन हजार असताना रुग्णाने सहा हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्यातील फरक सोसावा लागेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात, खोलीच्या दर्जानुसार ज्यांचे दर बदलतात ते डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा, नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती न पटल्यास, किरकोळ वजावट सोसून, परत करण्याची सवलत २०२४ च्या नियमांनी दिली आहे. त्या तीस दिवसांत पाकीट कपाटात जाते.

शिक्षक व कारकून यांच्या बाबतीत मात्र सर्वांत धोक्याचा कागद कर्जाचाही नव्हे आणि विम्याचाही नव्हे. तो जामीनपत्राचा. पगारदारांच्या पतसंस्थेत सहकाऱ्याला जामीन राहणे हा आपल्याकडे स्नेहाचा भाग मानला जातो. 'नाही' म्हणणे जड जाते. जामीनदाराची कल्पना अशी असते, की संस्था आधी कर्जदाराकडून होईल तेवढी वसुली करील आणि अगदीच निरुपाय झाल्यास आपल्याकडे वळेल. कायदा तसे म्हणत नाही. १८७२ च्या करार अधिनियमाच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोच्या मागे लागलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केले आहे. सहकारी संस्थांच्या १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमात वेतनातून कपातीची आणि वसुली दाखल्याचीही सोय आहे.

इथवर कायदा झाला. बारीक अक्षरांचे काम यानंतर सुरू होते. जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरती त्याची सुटका करणारे १३३ वे कलम याच अधिनियमात आहे. ऋणकोला परस्पर मुदत वाढवून दिल्यास जामीनदाराला मोकळे करणारे १३५ वे कलमही आहे. परंतु अनेक छापील जामीनपत्रांत 'या कलमांखालील हक्क मी सोडून देत आहे' असे एक वाक्य घातलेले असते. कायद्याने दिलेली ढाल आपण आपल्याच सहीने खाली ठेवतो आणि त्याचा पत्ताही नसतो. शिवाय पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नसल्याने आरंभी उल्लेखिलेले परिपत्रक त्यांना लागू नाही. म्हणजे जेथे आपला वर्ग सर्वाधिक सह्या करतो, तेथेच हे संरक्षण नाही. पतसंस्थांचे संचालक आपल्यातूनच निवडून गेलेले असतात. वार्षिक सभेत अल्पोपाहाराच्या दर्जावर वाद घालण्याऐवजी जामीनपत्राचा नमुना मराठीत, मोठ्या टायपात छापावा एवढा ठराव मांडावयास कोणाची हरकत असावी?

सगळा भार ग्राहकाच्या डोळ्यांवर टाकणे हेही न्याय्य नव्हे. वेल्समधील एका उपाहारगृहाच्या मालकिणीने हप्त्यांवर घेतलेले सिगारेटविक्रीचे यंत्र नादुरुस्त निघाले, तेव्हा १९३४ मध्ये न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला. सर्व हमी नाकारणारे कलम तपकिरी कागदावर बारीक टायपात होते, पण खाली तिची सही होती. आपला कायदा एवढ्यावर थांबलेला नाही. धुलाई केंद्राच्या पावतीमागे छापलेली, हरवलेल्या कपड्याच्या किमतीचा अल्पांशच देऊ करणारी अट मद्रास उच्च न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरविली. ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून ज्याला पर्यायच नाही, त्याच्यावर लादलेली अन्यायकारक अट बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका नोकरीविषयक प्रकरणात सांगितले आणि २०१९ मध्ये बिल्डरांच्या एकतर्फी करारांना तेच सूत्र लावले. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण अधिनियमात 'अनुचित करार' ही स्वतंत्र संकल्पनाही आली.

तथापि या अधिनियमात एक विचित्र गोष्ट राहून गेली आहे. सदोष वस्तू वा सेवेची तक्रार जिल्हा आयोगापुढे नेता येते. करारच अनुचित असल्याची तक्रार मात्र राज्य आयोगापुढे न्यावी लागते, मग रक्कम कितीही लहान असो. लातूरच्या लिपिकाने बत्तीसशे रुपयांच्या अन्यायकारक दंडासाठी राज्य आयोगाची पायरी चढावी, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी प्रवासखर्चाचा हिशेब केलेला दिसत नाही. वास्तविक अशा छोट्या करारांची छाननी जिल्हा पातळीवरच व्हावयास हवी. ती दुरुस्ती होईपर्यंत लहान रकमेच्या करारात दाद मागण्याचा खर्च दाव्याहून मोठा राहणार. आणि म्हणूनच तूर्त सहीपूर्वीचा अर्धा तास हाच त्या लिपिकाला परवडणारा उपाय आहे.