सुधाकर कोठें घसरला?

संस्कृत नाटकाची परंपरा मंगलान्त आहे. शाकुंतलांतील शापसुद्धां अखेर पुनर्मीलनांत विरून जातो. भासाचें 'ऊरुभंग' हा ठळक अपवाद. ज्याचा नाश त्याच्याच स्वभावांतून उगवतो असा नायक पाहावयाचा असेल, तर वाचकांनीं राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' पुन्हा उघडावें. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं निवर्तले. पुढल्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणलें. गणपतराव बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधु.

हें नाटक मद्यपाननिषेधाचें, असा सार्वत्रिक समज आहे. तो खोटा नव्हे, पण अपुरा आहे. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल म्हणतो कीं, शोकनाट्याचा नायक अगदीं पुण्यवान् नसावा व दुष्टही नसावा; थोर योग्यतेच्या पुरुषाचा एखाद्या प्रमादामुळें अधःपात व्हावा. सुधाकर नेमका असाच आहे. बुद्धिमान्, कर्तबगार, पत्नीवर प्रेम करणारा वकील. परंतु विलक्षण मानी. भर न्यायालयांत त्याचा तोल सुटतो आणि त्याची सनद कांहीं काळापुरती जाते. तेवढे दिवस मान खालीं घालून काढणें एवढेंच काम होतें. तेंच त्याला जमलें नाहीं. तळीराम पेला पुढें करतो तो याच वेळीं. पुढें व्यसन सोडून तो कामासाठीं दारोदार हिंडतो, लोक झिडकारतात, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. दोन्ही वेळां पेला अपमानाच्या मागून आला आहे, हें ध्यानीं घ्यावें. ज्या मानापायीं त्यानें सर्वस्व घालविलें, त्याच घराची अब्रू सिंधु लोकांचें दळण दळून राखीत होती! शेवटीं मूल गेलें, सिंधु गेली, आणि त्यानें स्वतः विष घेतलें.

भिवंडीस वर्गांतून आम्हीं हुशार मुलें पुष्कळ पाहिलीं. कठीण प्रश्नानें तीं क्वचितच खचतात. पहिल्या अपयशानें मात्र खचतात. कारण पहिलें येण्याचें कौतुक आम्ही घरोघरीं करतों, हरून परत कसें यावें हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. घरांत बाटली नाहीं एवढ्यावर वडील मंडळींनीं निश्चिंत राहूं नये. नापास झालेल्या किंवा नोकरी गमावलेल्या मुलाचें पान त्या रात्रीं पंक्तींत नेहमींच्याच जागीं मांडलें जातें ना, आणि तें कोणी टोचून न बोलतां वाढतें ना, एवढें अवश्य पाहावें.