गाडीतली ओल कुठून येते?

वाचकहो, पावसाची वाट पाहण्यात ज्याचा अर्धा आषाढ सरतो, त्या नांदगावात बसून ओलीविषयी लिहावे, हे आपणांस थोडे विचित्र वाटेल. परंतु तासाभराची एखादी जोरदार सरही जुन्या मोटारीत पायाखालच्या मॅटमध्ये पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करून राहते.

गेल्या श्रावणात एक निवृत्त गुरुजी आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाला शिंका, डोळ्यांना खाज आणि रात्री कोरडा खोकला. घरी काही नाही, शाळेत काही नाही; मनमाडला जाऊन आले की मात्र हमखास. कशाने जाता, असे विचारताच गुरुजींचा चेहरा उजळला. प्रीमियर पद्मिनी!

ही गाडी मराठी घरांना परकी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर मोटारी निघू लागल्या. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ज्यांनी ती घरात जपली आहे त्यांचा तिच्यावर जीव असतो. म्हणून ‘विकून टाका’ हा सल्ला मी देत नाही.

गाडीतला कुबट वास म्हणजे बहुधा बुरशी. ओला नमदा दोन दिवस तसाच राहिला, तरी तिला रुजायला पुरते. तिचे सूक्ष्म बीजाणू बंद काचांच्या आत थेट श्वासावाटे जातात आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास देतात. त्यावर अत्तराची बाटली टांगणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे होय.

आता निदान. डाव्या हातात कळ येते आणि दुखणे हृदयाचे असते. गाडीचेही तसेच आहे. पाणी पायाशी साचते, पण शिरते कुठून तरी वरून आणि पत्र्याच्या आतून वाट काढत दूर जाते. म्हणून आधी मॅट व नमदा उचलून तळ पूर्ण कोरडा करावा. कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. पाण्याचा ओघळ तिच्यावर स्पष्ट उमटतो. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने मंद धार सोडावी. आरंभ खालून करावा आणि एकेका जागी काही मिनिटे थांबून वर सरकावे. एकदम टपावर पाणी ओतले, तर सगळेच भिजते आणि निदान काहीच होत नाही.

नेहमीचे अपराधी दोन-चारच असतात. पुढच्या काचेचे रबर सुकून कडक झालेले असते. वायपरच्या दांड्याभोवतीची आणि इंजिनाकडून येणाऱ्या तारांची रबरी बुचे तडकलेली असतात. दाराची गंमत मात्र अनेकांना ठाऊक नसते: काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी जाणारच, ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशीच रचना आहे. ती छिद्रे आपल्या धुळीने बुजली की पाणी आत वळते. बारीक काडीने ती मोकळी करायला खर्च शून्य.

काचेचे रबर मात्र नवेच बसवावे. वरून लांबी-लपाई करू नये. विशेषतः व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, त्यातील आम्लाने पत्रा गंजतो. कुजलेला नमदा वाळवत बसण्यापेक्षा फेकून द्यावा. साफसफाई मास्क लावून, दारे सताड उघडी ठेवून आणि दमेकऱ्याला दूर ठेवून करावी. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र कधीही करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हा सारा खटाटोप केवळ शिंकांसाठी सांगत नाही. ज्या छिद्रातून पाणी आत येते त्यातूनच धूरही येऊ शकतो. इंजिनाकडची फुटकी बुचे, गंजून भोक पडलेला तळ, डिकीचे सैल रबर, या त्याच्या वाटा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून पाण्याची चाचणी झाली, की सायलेन्सरही मिस्त्रीकडून तपासून घ्यावा.

प्रवासात एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले, मळमळले, पेंग येऊ लागली, तर ‘गाडी लागली’ म्हणून गोळी देऊ नका. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सर्वांना मोकळ्या हवेत उतरवा आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. अर्थात दुसऱ्या वाहनाने.