उपवासाच्या ताटातील जग

अन्नाच्या बाबतीत ‘आपले’ आणि ‘परके’ असा भेद सहज केला जातो. इतिहास मात्र या भेदाला दुजोरा देत नाही. एकादशीला महाराष्ट्रातील घराघरांत होणारी साबुदाण्याची खिचडीच पाहा. भारतात साबुदाणा ज्या कंदापासून तयार होतो तो टॅपिओका, तसेच शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही सर्व मूळची अमेरिका खंडातील पिके होत. कोलंबस १४९२ मध्ये तेथे पोहोचल्यानंतरच ती जगभर पसरली. यांपैकी मिरचीसारखी पिके पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे भारतात आली. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आला. तत्पूर्वी येथील स्वयंपाकात तिखटपणा येई तो प्रामुख्याने मिरे, पिंपळी आणि आले यांमुळे. अन्नाच्या इतिहासाचे अभ्यासक के. टी. अचया यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतीय आहाराचा असा दीर्घ प्रवास उलगडला आहे.

सातासमुद्रापलीकडची पिके उपवासालाही चालावीत, इतकी ती आपली झाली. असे असताना शेजाऱ्याच्या ताटातील वेगळा पदार्थ पाहून नाक मुरडणे, केवळ आहारावरून एखाद्याला हलके लेखणे किंवा भाड्याने घर नाकारणे कितपत योग्य आहे? ज्या स्वयंपाकघराने जगाला आपलेसे केले, त्या घराच्या उंबरठ्यावर माणूस परका ठरू नये.