नाताळचं झाड आपल्याच शेतात!

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले आणि गटातली एक जण उठता उठता माझ्याजवळ आली. दिवसभर कापूस वेचून आलेली. केसांना, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. हळूच म्हणाली, "ताई, यावक्ती माह्या हप्त्यात शंभर कमी घ्या. पोरीच्या शायेत नाताळचं झाड न्या लागते म्हंतात. दोनशेचं हाय."

दुसऱ्या दिवशी ते झाड तिनं मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. हातभर उंचीचं, हिरव्या प्लास्टिकचं. फांद्यांवर थर्माकोलचे पांढरे दाणे चिकटवलेले. बर्फ म्हणून! मी एकदा त्या झाडाकडे बघितलं, एकदा तिच्या केसांकडे. दिवसभर खऱ्याखुऱ्या पांढऱ्याशुभ्र कापसात वावरणारी ही बाई वेचणीच्या मजुरीतून नकली बर्फ विकत घेऊन आली होती.

शाळेचं नाव मी सांगत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाहीच. आमचं वडनेर भोलजी हे मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं, महामार्गावरचं गाव. इथली मुलं आता गाडीत बसून दूरच्या शाळांत जातात आणि डिसेंबर उजाडला की डायरीतून चिठ्ठी येते. सांताची टोपी आणा, चमकीच्या माळा आणा, झाड आणा. 'आणा' म्हणजे 'विकत आणा'. 'करा' असं कुणी लिहीत नाही.

यावर काही मैत्रिणी मला विचारतात, "पण मुळात आपल्या मुलांना नाताळ हवाच कशाला?" मला हे पटत नाही. शेजाऱ्याचा सण समजून घेण्यात आपलं काय जातं? आणि ख्रिस्ती माणसं आपल्याला परकी कुठे आहेत? आपल्या वऱ्हाडात अकोला, खामगाव या भागात मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही मोठ्या दुष्काळांत अनाथ झालेल्या कितीतरी मुलांना मिशनच्या आश्रमांनी आसरा दिला. आज त्यांची पुढची पिढी आपल्यासारखीच मराठी बोलते, भाकरी-ठेचा खाते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आपल्यापैकी अनेकींनी वाचली असतील. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग, भजन, कीर्तन त्यांनी सोडलं नाही. देव नवा, पण सूर आपल्याच मातीतला! मग नाताळची आरासच तेवढी कारखान्यातून का यावी?

मी लहान असताना आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या. आम्ही सगळी मुलं त्यांना मावशी म्हणायचो. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचं ताट जायचं आणि नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं. त्यातही करंज्या, शंकरपाळे असायचेच, वर केकचा तुकडा! मावशींच्या दारात नाताळच्या आधी आठ दिवस एक मोठा तारा लागायचा. तो त्या स्वतः करायच्या. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि कणकेची खळ. आम्ही मुलं कागद धरायला, दोरा ओढायला. माझ्या हातून एकदा कागद फाटला. मला रडू आलं. मावशींनी काही न बोलता त्यावर दुसऱ्या रंगाचं ठिगळ लावलं आणि तारा लावताना ती बाजू मुद्दाम रस्त्याकडे ठेवली. ते ठिगळ मी अजून विसरले नाही.

पुढे कळलं की असे तारे गोव्यात घरोघरी करतात. बांबूच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि वर रंगीत कागद. गोव्यात काय आणि आपल्या वसईत काय, नाताळच्या आधी घराघरांत 'गोठा' उभा राहतो, येशूजन्माचा देखावा. कुणी पेंढ्याचं छप्पर करतं, कुणी माती कालवून डोंगर करतं. गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आठ-दहा दिवस आधी धान्य पेरून कोवळे अंकुर वाढवण्याचीही रीत आहे. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. अहो, हे तर आपल्या घटातलं धान! नवरात्रात आपण परडीत माती घालून गहू पेरतो, ते हेच की.

आणि जगाकडे बघितलं तरी काय दिसतं? संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो या खेड्यात १२२३ साली नाताळचा देखावा केला, तेव्हा त्यात होतं गवत, गव्हाण, एक बैल आणि एक गाढव. आठशे वर्षं झाली त्या गोष्टीला. जर्मनीत नाताळचं झाड सजवायला सुरुवात झाली तेव्हा त्यावर सफरचंदं, अक्रोड आणि कागदाची फुलं टांगत. तिकडे आजही गव्हाच्या काडाचे तारे करून झाडाला बांधतात. बाळ गव्हाणीत, गवतावर निजलं होतं, त्याची आठवण म्हणून. म्हणजे जिथून हा सण आला तिथेही त्याची मूळ शोभा शेतातली आणि स्वयंपाकघरातलीच. सूचिपर्णी झाड त्यांच्या रानात होतं म्हणून त्यांनी ते घेतलं. आपल्या रानात जे आहे ते आपण घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या रानात डिसेंबरात काय आहे? पऱ्हाटी! शेवटच्या वेचणीनंतर बांधावर पडलेली, दोन-चार फुटलेली बोंडं अंगावर असलेली एक फांदी आणा. जुन्या डब्यात माती-खडे भरून ती उभी करा. पांढरं बोंड म्हणजे आपोआप बर्फ! ज्या बोंडांतला कापूस निघून गेलाय, त्यांची वाळलेली टरफलं चार-पाच पाकळ्यांच्या चांदण्यांसारखी दिसतात. कुणाला हवं तर गेरूनं रंगवा, कुणाला हवं तर तशीच ठेवा. रिठे, चिंचोके, सागाची फळं दोऱ्यात ओवा. शाळेच्या आवारात सुरूचं झाड असेल तर खाली पडलेली त्याची बोंडं वेचा. शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांची फुलं करा. वाती वळणाऱ्या हातांना कापसाची माळ करायला कुणी शिकवावं लागत नाही. गौरी-गणपतीला आपण वस्त्रमाळा करतोच ना? तीच माळ झाडाभोवती फिरवली की झालं.

तारा करायचा तर ज्वारीचे धांडे आहेत. लहानपणी धांड्याची बैलगाडी केली नाही अशी मुलगी वऱ्हाडात सापडायची नाही. साल सोलून तिच्या काड्या करायच्या आणि आतल्या मऊ पांढऱ्या गाभ्याच्या तुकड्यांत खोचायच्या. साल मात्र सुरीसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनी करावं. मोठा तारा करायचा असेल तर बांबूच्या कामट्या घ्या. हातभर लांबीच्या पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या करायच्या. दोन्हींची पाच टोकं एकमेकींना बांधायची आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी चार-चार बोटांचे तुकडे आडवे अडकवायचे. तारा फुगून उभा राहतो. संक्रांत जवळ असल्यामुळे पतंगी कागद दुकानात मिळतोच. आत मेणबत्ती किंवा पणती कधीच ठेवू नका, कागद पेटायला वेळ लागत नाही. छोटा एलईडी दिवा पुरे.

दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे पऱ्हाटी निवडताना बोंडं पूर्ण फुटलेली, निरोगी बघून घ्या. किडकं, न फुटलेलं बोंड घरात आणू नका. गुलाबी बोंडअळी अशाच उरलेल्या बोंडांत लपून राहते. २०१७ साली या अळीनं विदर्भात काय केलं ते आपण विसरलेलो नाही. म्हणून नाताळ झाला की ते झाड कौतुकानं जपून ठेवायचं नाही, सरळ चुलीत घालायचं. आणि दुसरं म्हणजे लाल-काळ्या गुंजा, एरंडाच्या बिया, धोत्र्याची काटेरी बोंडं दिसायला कितीही छान असली तरी मुलांच्या हाती देऊ नका. तिन्ही विषारी आहेत.

थर्माकोलचं म्हणाल तर तो आता नुसता आवडीनिवडीचा विषय उरलेला नाही. आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला. तरी त्याचे दाणे चिकटवलेली झाडं दुकानात दिसतात, शाळेत जातात आणि सण झाला की उकिरड्यावर येतात. दाणे वाऱ्यानं सुटतात आणि नालीत, वावरात, गुरांच्या चाऱ्यात जाऊन बसतात. ज्या सणात गोठ्याला मान, त्या सणाचा कचरा गाईच्या पोटात जावा, हे बरं दिसतं का?

आता खरं मनातलं बोलते. हे सगळं मी आमच्या गटात सांगितलं, तेव्हा तीच मैत्रीण, दोनशेचं झाड आणणारी, पटकन म्हणाली, "ताई, तुमचं बराबर हाय. पण हे करन कोन? मी वावरातून येतो सात वाजता. मंग सैपाक. मंग का रातभर तारे करत बसू?"

मी गप्प झाले. कारण तिचं अगदी बरोबर होतं. शाळेतली 'हस्तकला' कोण करतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मूल झोपी जातं आणि आई रात्री अकरा वाजता पुठ्ठा कापत बसते. सकाळी बाई वर्गात म्हणतात, "व्वा, किती सुबक!" ते सुबक काम आईचं असतं, हे बाईंनाही कळतं. त्याही आईच असतात ना!

घरगुती आरास म्हणजे आईची आणखी एक जागरणाची रात्र, असा अर्थ होणार असेल, तर मला ती आरास नको. त्यापेक्षा दोनशेचं झाड परवडलं. पैसे तिचे जातात, निदान झोप तरी तिची राहते. म्हणून माझी मागणी आईकडे नाही, ती शाळेकडे आहे. चिठ्ठीत 'आणा' लिहूच नका. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असतो, तो नाताळच्या आधीचे दोन आठवडे खरोखर घ्या. मुलांना सांगा, येताना रस्त्यात पडलेलं काहीतरी घेऊन या. काडी, बी, टरफल, चिंधी, काहीही. वर्गात बसून त्यांनाच करू द्या. पस्तीस झाडं कशाला हवीत? एका वर्गाला एक पऱ्हाटी पुरते. आणि परिसरात एखादं ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांना मानानं बोलवा, गोठ्याची गोष्ट त्यांच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. तो देखावा त्यांच्या श्रद्धेचा आहे, आपल्या नुसत्या फोटोचा नाही.

आणि हो, तारा वाकडा झाला तर वाकडाच लावा. स्पर्धा, नंबर काही ठेवू नका. नंबर आला की आई पुन्हा रात्री जागणार!

मैत्रिणींनो, भुलाबाई बसवताना आपण धांड्यांचा मखर करतो, पोळ्याला मातीचे बैल करतो, तेव्हा 'आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून' असं कुणाच्या मनातही येत नाही. ती रीत असते, तिच्यात मान असतो. मग नाताळच्या वेळीच हातानं केलेली वस्तू आपल्याला गरिबीची का वाटते? मुलीनं पऱ्हाटीची फांदी शाळेत नेली तर लोक हसतील, ही भीती आईच्या मनात कुणी घातली? ही भीती काढणं दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा मोठं काम आहे, असं मला वाटतं.

मी एका शाळेत बोलून आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघू." 'नाही' म्हणाल्या नाहीत, हेही काही कमी नाही. त्या मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं, "यंदा चिठ्ठी आली तर दुकानात जायच्या आधी माझ्याकडे ये." तुम्हीही तुमच्या गटात, पालकसभेत हा विषय काढा. एकटीनं बोललं की ती तक्रार होते. दहा जणींनी मिळून बोललं की शाळेलाही ऐकावंच लागतं!