मामाच्या गावाचा रस्ता हाच स्वाध्याय

पालक हो, सुट्टीत गाडी काढून मामाच्या गावाला निघालात की मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका. त्यांना खिडकीशी बसवा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर खेड्यातला रस्ता. हे त्यांनाच ओळखू द्या. पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडला थोडं आत वळून कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम दाखवा. उरलेलं अंतर काढताना वजाबाकी आपोआप होते.

आणि शिक्षक मित्रांनो, सुट्टीच्या स्वाध्यायाची पानं जरा कमी करूया ना! वाटेत काय काय पाहिलं ते आजीला सांगणारं मूल भाषाच शिकत असतं. वही भरायच्या नादात आजीशी बोलायचं राहून जायला नको.